बायबल हातात आलं, पण कळणार कसं?

"घरी बायबल आहे ना, मग वाच की" असं आता आपण सहज बोलून जातो, पण साध्या विश्वासणाऱ्याने ते स्वतः उघडून वाचायचं हे पूर्वी अजिबात सोपं नव्हतं. युरोपात कित्येक शतकं ते लॅटिनमध्ये होतं, म्हणजे ज्याला लॅटिन येतं त्याचंच. धर्मसुधारक ल्युथरने 1522 ला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून सुरू होणारा दुसरा भाग, जर्मनमध्ये आणला आणि ल्युथर जिवंत राहिला, पण इंग्लिशमध्ये आणणाऱ्या टिंडेलला 1536 ला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं.

आपल्याकडे पहिली मोठी गोष्ट झाली गोव्यात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, मग वाचायचं काय, म्हणून फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत ओव्या रचल्या, ते क्रिस्तपुराण 1616 ला छापून आलं. गोडवा काय आहे त्यात! पण ती बायबलची कथा झाली, बायबल नाही.

खरं भाषांतर आलं ते थेट बंगालमधून. तिथल्या श्रीरामपूरला विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने पंडितांच्या मदतीने मराठी नवा करार केला, 1811 ला. मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती मराठी काही पटेना, त्यांनी आपला नवा करार 1826 ला काढला, पुढे 1847 पर्यंत अख्खं बायबल मराठीत आलं. झालं ना काम? नाही झालं, कारण भाषा बरीच संस्कृत वळणाची, आणि वाचणार कोण तर नुकतीच अक्षरं गिरवायला शिकलेली माणसं.

हे कोणाला खटकावं तर पंडिता रमाबाईंना, ज्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतसाठीच 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं! त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या बायका-मुली होत्या, त्यांना कळेल अशी मराठी हवी म्हणून बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक, म्हणजे बायबलच्या मूळ भाषा, घेऊन बसल्या. जुळणी, छपाई सगळं मिशनच्याच छापखान्यात, आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला त्याच बायका. म्हणजे जिला काल वाचता येत नव्हतं तीच आज शास्त्राचं पान लावतेय, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. एप्रिल 1922 मध्ये बाई गेल्या, त्याच्या थोडं आधी भाषांतर हातावेगळं झालं होतं, पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला.

कॅथलिकांकडे हे सगळं उशिराच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 ला स्पष्ट सांगितलं की शास्त्र सगळ्या भाविकांना सहज मिळालं पाहिजे, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तीही त्याच सुमारास लोकांच्या भाषेत व्हायला लागली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, आणि नावातच 'सुबोध' घालावं लागलं बघा.