कॉलेजच्या संघाची सिंगापूर-मलेशिया सहल : अर्ज नेमका कुठे अडतो

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या कुठल्या तरी कॉलेजच्या क्रीडा विभागातून फोन येतोच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली, पालक खर्चाला तयार आहेत, सोळा पोट्टे आणि दोन सर, सिंगापूर-मलेशिया पाहून येऊ म्हणतो, व्हिसाचं काय ते सांगा. मी विचारतो, पासपोर्ट किती जणांकडे आहेत? तिकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "असतील चार-पाच जणांकडे."

सहल तिथेच अडते. संघाला म्हणून व्हिसा मिळत नाही, तो एकेका माणसाला मिळतो. मैदानात संघ एक असेल, कागदावर ते अठरा वेगवेगळे अर्ज असतात. म्हणून तिकिटं आधी काढू नका. स्वस्त मिळतात म्हणून परत न होणारी तिकिटं काढायची आणि मग दोन मुलांचे पासपोर्टच आले नाहीत म्हणून हात चोळत बसायचं, हे फार वेळा पाहिलंय.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन भरायचा. सरकारी संकेतस्थळ एकच, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. तशाच नावाची खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. प्रौढांसाठी ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २०००. अपॉइंटमेंट घ्या, केंद्रावर जा, फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात. एवढं कोणालाही जमतं.

जमत नाही ते नाव. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा. पॅनवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नुसतं आद्याक्षर. त्यात वानखेडेतला 'व' एका कागदावर डब्ल्यूने आणि दुसऱ्यावर व्हीने. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो, त्यात फक्त आडनाव लिहायचं. स्वतःचं आणि वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये. काही मुलं घाईत सगळं एकाच रकान्यात कोंबतात आणि आडनाव कोरं सोडतात. आडनाव कोरं असलेला असा पासपोर्ट पुढे त्रास देतो. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसाने प्रवेश बंद केला आहे. विमानाचं तिकीट पासपोर्टवर छापलंय तसंच काढायचं, जर्सीवर लिहिलंय तसं नाही. आधार दुरुस्त करायचं असेल तर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आधी करून घ्या आणि मगच अर्ज भरा.

जन्मदाखल्यावरून उगाच घबराट असते. ग्रामपंचायतीत नोंदच सापडत नाही म्हणून मुलं रडकुंडीला येतात. जन्मदाखला सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. तुमच्या संघातलं कोणी तेव्हा जन्मलेलं नाही. दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला जन्मतारखेसाठी चालतो. दहावी पास असल्याचा कागद जोडला की पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक'चा, म्हणजे देशाबाहेर जाण्याआधीच्या तपासणीचा, शेराही पडत नाही. पण मूळ कागद लागतो आणि तो प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्याच ऑफिसात जमा केलेला असतो! बाबू म्हणतो, प्राचार्यांची सही आणा. प्राचार्य विद्यापीठात मीटिंगला. अपॉइंटमेंट उद्या सकाळी. सहलीचं ठरलं त्याच दिवशी क्रीडा शिक्षकांनी सगळ्यांचे मूळ कागद एकत्र सोडवून घेतले, तर निम्मं काम तिथेच होतं.

दुसरा अडथळा पत्त्याचा. संघातली निम्मी मुलं भंडारा, गडचिरोली, यवतमाळकडची असतात आणि नागपुरात वसतिगृहात नाही तर भाड्याच्या खोलीत राहतात. अर्जात जो सध्याचा पत्ता लिहाल, तिथेच पोलीस पडताळणी होते आणि पासपोर्टही स्पीड पोस्टाने तिथेच येतो. घरमालक भाडेकरार देत नाही, खोलीचा काहीच पुरावा नसतो, तरी मुलं तोच पत्ता टाकतात. पोलीस ठाण्यातून फोन येतो तेव्हा पोरगा अकोल्याला सामन्यावर. अहवाल 'पत्त्यावर आढळला नाही' असा जातो आणि अर्ज लोंबकळतो. वसतिगृहात असाल तर प्राचार्यांच्या सहीचं, वसतिगृहाचा पत्ता नमूद असलेलं बोनाफाईड घ्या. खोलीत असाल तर गावचा पत्ता द्या आणि फोन आला की गावी जा, एक एसटीचा प्रवास वाचवू नका.

कोणावर मारामारीचा किंवा आंदोलनातला गुन्हा दाखल असेल तर तो अर्जात लपवू नका. पडताळणीत तो निघतोच. खटला चालू असेल तर न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

लहानपणी काढलेला पासपोर्ट ज्यांच्याकडे आहे, ते निश्चिंत असतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचाच असतो, त्यामुळे बहुतेकांचा संपलेला निघतो. त्यांनी नवा नव्हे, 'रिइश्यू'चा अर्ज करायचा. अकरावी-बारावीतली मुलं असतील तर त्यांना आई-वडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट 'ड' जोडावं लागतं. पालकांपैकी एकाचीच सही मिळणार असेल तर परिशिष्ट 'क'. सरकारी कॉलेजातल्या सरांना स्वतःच्या पासपोर्टसाठी कार्यालयाला पूर्वसूचनेचं पत्र द्यावं लागतं, शिवाय परदेशी रजेची मंजुरी वेगळी. सर मुलांचं सगळं करतात आणि स्वतःचं शेवटी आठवतं.

आता व्हिसा. मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. सिंगापूरला व्हिसा लागतोच आणि तो मान्यताप्राप्त एजंटमार्फत मिळतो. सहीचा १४-ए अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ताजा फोटो, सिंगापूरला पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट, आणि प्रत्येक अर्जाला ३० सिंगापूर डॉलर. इथे मुदतीचा गोंधळ होतो. अर्ज पोहोचण्याच्या तारखेआधीच्या ३० दिवसांत करायचा असतो. आपले लोक 'लवकर केलेलं बरं' म्हणून तीन महिने आधी एजंटकडे जातात, किंवा पासपोर्टच्या नादात शेवटच्या आठवड्यात. सिंगापूर बघून मलेशियाला गेलात आणि परतीचं विमान पुन्हा सिंगापूरहूनच असेल, तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का ते पाहून घ्या.

व्हिसाच्या अर्जासोबत जोडायच्या कॉलेजच्या पत्रात 'स्पोर्ट्स टूर' लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं तुम्ही खेळायला चाललात, मग तो तिथल्या संस्थेचं निमंत्रण मागतो. पत्र इंग्रजीत, उद्देश पर्यटन, प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे.

उत्पन्नाचा पुरावा मागितला की कापूस-संत्र्याच्या शेतकऱ्याचा मुलगा गप्प होतो, कारण वडिलांनी कधी आयकर विवरणपत्र भरलेलंच नसतं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सातबारा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह द्या, सोबत बँकेचं स्टेटमेंट. मामाकडून दोन लाख घेऊन अर्जाच्या आदल्या दिवशी खात्यात टाकू नका. तो आकडा सगळ्यात आधी नजरेत भरतो.

पॅकेजच्या रकमेवर एजंट टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा आयकर, घेतो आणि तो पॅनवर जमा होतो. पॅन नसेल तर दर जास्त. सगळ्यांचे पैसे सरांच्या खात्यातून गेले, तर एवढा परदेशी खर्च सरांच्या पॅनवरच्या करनोंदीत दिसतो आणि उत्तरं त्यांनाच द्यावी लागतात. ज्याने त्याने, नाही तर त्याच्या पालकांनी, स्वतःच्या पॅनवर भरावेत.

त्या त्या देशात पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत दोन ऑनलाइन फॉर्म भरायचे, सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड. दोन्ही फुकट आहेत, कोणी पैसे मागितले तर संकेतस्थळ खोटं समजा. सिंगापूरचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे.

आणि बॅगा. सिंगापूरला चघळायचा तंबाखू न्यायला बंदी आहे. म्हणजे खर्राही (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद, पुडी कितीही लहान असो. ई-सिगारेट आणि च्युइंगमही तसंच. "सर, मी खात नाही," असं प्रत्येक जण म्हणतो. निघायच्या रात्री सरांनी क्रिकेटच्या किटसारख्या सगळ्यांच्या बॅगा एका रांगेत लावाव्यात आणि बाजूच्या खिशापासून तपासायला सुरुवात करावी.