एसडी आणि एसई: बाबांचं शेत कुठल्या आकड्यात बसतं?

एम.ए.च्या मुलांना अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र, शिकवताना मी दरवर्षी एक प्रोजेक्ट देतो. आपापल्या गावातल्या शेतकऱ्यांना गाठायचं, सोयाबीन एकरी किती झालं ते विचारायचं आणि आकडे एक्सेलमध्ये भरायचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात येणारी मुलं बहुतेक शेतकऱ्यांचीच, त्यामुळे माहिती आणणं त्यांना अवघड जात नाही. घोळ होतो तो पुढे.

एका मुलीने ३६ शेतकऱ्यांचे आकडे आणले. सरासरी एकरी ६ क्विंटल. रिपोर्टात लिहिलं, ‘गावातल्या बहुतेक शेतकऱ्यांचं उत्पादन ५.४ ते ६.६ क्विंटलच्या दरम्यान आहे.’ मग हळूच म्हणाली, “सर, आमच्या बाबाले तं साडेतीनच झालं. त्यायचा आकडा काढून टाकू काय?”

बाबांचा आकडा बरोबर होता, वाक्य चुकलं होतं. एक्सेलचं वर्णनात्मक सांख्यिकीचं कोष्टक काढलं की सरासरीच्या लगेच खालच्या ओळीत प्रमाण त्रुटी येते, म्हणजे एसई. प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, आणखी तीन ओळी खाली असतं. हिने हाताशी आलेला आकडा उचलला, ०.३, आणि सरासरीच्या दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट सोडली. खालचा होता १.८.

हा १.८ शेतांबद्दल बोलतो: एकेका शेताचं उत्पादन सरासरीपासून साधारण किती दूर पसरलंय ते सांगतो. सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन एसडी सोडले तर बहुतेक शेतं मावतील असा पट्टा २.४ ते ९.६ होतो, आणि बाबा त्यात आरामात बसतात. नाल्याकाठची काळी आणि वरची बरड एकाच शिवारात असली की एवढी तफावत असायचीच. ०.३ ला शेतांशी घेणंदेणं नाही. दुसरेच ३६ शेतकरी गाठले असते तर ही सरासरी साधारण किती हलली असती, एवढंच तो सांगतो. १.८ ला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने भागलं की ०.३. शेतकरी १४४ केले तर एसई निम्मी होऊन ०.१५ वर येईल. एसडी मात्र तिथंच घुटमळेल. जास्त लोकांना विचारल्याने बरड जमीन काळी होत नाही.

हा फरक आमच्याकडे सर्वांत जास्त टोचतो तो पीक विम्यात. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात (ठरावीक तुकड्यातलं पीक कापून वजन करतात). त्यांची सरासरी काढतात आणि तिच्या आधारे ठरलेलं मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे मागच्या वर्षांच्या उत्पादनावरून ठरवलेल्या पातळीशी, ताडून पाहतात. (या प्रयोगांना शास्त्रीय नमुना निवडीची बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे होते, हे आमच्या मुलांना सहसा माहीत नसतं.) सरासरी उंबरठ्याच्या वर गेली की भरपाई नाही, मग तुमचं रान कोरडं का जाईना.

पारावर याला सरसकट ‘आकडे खोटे’ म्हणतात. पण तक्रारी दोन आहेत. ‘प्रयोगच इतके थोडे, सरासरी भरवशाची नाही’ ही एसईची तक्रार. नऊच शेतं आणि एसडी तेच १.८ धरलं, तर एसई ०.६ निघते, म्हणजे सरासरी दोन्हीकडे क्विंटलभर सहज सरकू शकते. यावर उपाय आहे: प्रयोग वाढवा. ‘सरासरी खरी असेल, पण माझं शेत तसं नाही’ ही एसडीची तक्रार, आणि तिला शंभर प्रयोगही पुरे पडणार नाहीत. तिथं विम्याचं एककच लहान करावं लागतं, मंडळाऐवजी गाव. निवेदन लिहिताना हे उलटसुलट झालं की हवं ते सोडून भलतंच पदरात पडतं.

नोकरीच्या बाजूचं थोडक्यात. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेत अर्थमिती आहेच, पण संशोधन सहायकाच्या मुलाखतीची तयारी करून घेताना मी आधी प्रतिगमनाचं (रिग्रेशनचं) कोष्टक पुढे ठेवतो आणि गुणकाखाली, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध ते दाखवणाऱ्या आकड्याखाली, कंसात छापलेला आकडा कसला ते विचारतो. निम्मी मुलं एसडी म्हणतात. ती बहुधा एसई असते. गुणक तिच्या साधारण दुपटीहून मोठा असला तरच त्याला सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने आलेला नसावा असा, म्हणायचा रिवाज आहे.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की मुलाखतीला जाशील तेव्हा हाच प्रोजेक्ट घेऊन जा, बाबांच्या ओळीसकट.