सोमाली चाचेगिरी

सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघून एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात जहाजं पळवायची, खलाशी ओलीस धरायचे आणि खंडणी उकळायची, असा हा धंदा. साधारण २००५ पासून वाढत गेला, २००८ ते २०११ या काळात सगळ्यात जास्त.

सुरुवात कशातून झाली यावर एकमत नाही. एक मत असं की १९९१ ला सियाद बारेचं सरकार कोसळलं, समुद्रावर पहारा उरला नाही, परदेशी ट्रॉलर येऊन मासळी उपसायला लागले, त्यांना हाकलायला कोळ्यांनी बंदुका घेतल्या आणि पुढे तेच चाचे झाले. मासळीची लूट खरीच आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण त्सुनामीत सापडलेल्या सोमाली लोकांसाठीच तांदूळ घेऊन निघालेलं सेमलो जहाज २००५ ला पळवलं गेलं, तो काही ट्रॉलर नव्हता. शिवाय मोठ्या टोळ्या एल, हरारधेरे, होब्यो अशा ठराविक गावांतच उभ्या राहिल्या, जिथे पैसा लावणारे होते आणि पकडलेलं जहाज महिनोन्‌महिने नांगरून ठेवलं तरी कोणी हटकत नव्हतं. त्यामुळे दुसरं मत, म्हणजे पैसा लावणाऱ्यांनी खंडणीसाठी उभा केलेला हा धंदा, ते जास्त पटतं. जागतिक बँकेच्या अंदाजाने २००५ ते २०१२ मध्ये ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी गेली.

हल्ला करायला छोटी होडी, हुकाची शिडी आणि एके-४७ पुरते, जहाज संथ आणि कडा पाण्याला लागून असली की झालं. म्हणून जहाजाच्या कडेने काटेरी तार, पाण्याचे फवारे, वाढवलेला वेग. सगळ्यात उपयोगी सिटाडेल, म्हणजे खलाशांनी इंजिन बंद करून आतल्या मजबूत खोलीत कोंडून घ्यायचं, ओलीसच हाती नसले की नौदलाला वर चढता येतं. हत्यारबंद गार्डांचाही फरक पडला, पण फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ एनरिका लेक्सी या जहाजावर पहाऱ्याला असलेल्या इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी आपले दोन मच्छीमार गेले, ही किंमत विसरता येत नाही.

युरोपीय नौदलांचा पहारा डिसेंबर २००८ पासून, भारतीय नौदल त्याआधीच ऑक्टोबरमध्ये पोचलं होतं. पकडलेल्यांवर खटला कुठे चालवायचा हा मोठा पेच. २०११ मध्ये चाचे मुंबईत आणले तेव्हा आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता, तो संसदेने २०२२ ला केला. डिसेंबर २०२३ मध्ये रुएन जहाज पळवलं गेलं, ते मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी सोडवलं, १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात गेले.