‘नो सिग्नल’ आणि ‘नो डिस्क’: बोंब टीव्हीची की प्लेअरची?

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं की लोक डिस्क पुसत बसतात आणि ‘नो डिस्क’ आलं की वायरी हलवतात. दोन्हीनं काही झालं नाही की टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर दोन्ही गाडीवर बांधून तालुक्याला नेतात. तिथंही सोर्स, म्हणजे टीव्ही कुठल्या भोकातून चित्र घेतोय ते, न बघताच ‘लेन्स गेली’ (डिस्क वाचणारी प्लेअरमधली भिंग) म्हणणारे भेटतात.

पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. प्लेअरच्या ‘आऊट’मधून टीव्हीच्या ‘इन’मध्ये, एवढंच बघा आणि पुढे चला.

खरी गोम अशी. ‘नो सिग्नल’ टीव्ही म्हणतो. निवडलेल्या सोर्सवरून आपल्याला काहीच येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ट्रेमध्ये डिस्क आहे की सुपारी, हे त्याला कळायला मार्ग नाही. ‘नो डिस्क’ मात्र प्लेअर म्हणतो. ही अक्षरं टीव्हीच्या पडद्यावर दिसत असतील, तर ती पिवळ्या वायरीतूनच तिथवर आली. म्हणजे वायर, पिन, सोर्स आणि टीव्ही, चारही ठीक. आता वायर बदलणं म्हणजे विहीर आटली म्हणून पाइप बदलणं.

यात एक फसगत आहे. बऱ्याच प्लेअरच्या तोंडावर छोटी काच असते आणि तिच्यावरही ‘नो डिस्क’ उमटतं. ते वायरीबद्दल काहीच सांगत नाही. पडद्यावर ‘नो सिग्नल’ आणि प्लेअरच्या काचेवर ‘नो डिस्क’ असं दोन्ही एकदम असेल, तर बिघाड दोन आहेत. आधी टीव्हीकडचा काढा.

त्यासाठी ट्रे रिकामा ठेवून प्लेअर चालू करा. पडद्यावर प्लेअरचा लोगो आला की वायरीला हात लावायचा नाही. लोगो नाही आला तर डिस्कला आणि लेन्सला हात लावायचा नाही. हे न करता स्क्रू-ड्रायव्हर उचलणाऱ्याला प्लेअर देऊच नये.

लोगो येत नसेल तर रिमोटवर ‘सोर्स’, ‘इनपुट’ किंवा ‘टीव्ही/एव्ही’ दाबत एकेक एव्ही (या रंगीत पिनांचा सोर्स) बघा. जुन्या डब्बा टीव्हीत नुसत्या मुंग्या आणि खरखर असेल तर तो अजून अँटेनाच्या चॅनलवर आहे. सेट-टॉप बॉक्सच्या पिना काढून तिथंच प्लेअर लावला असेल तर सोर्स तोच ठेवा. बाजूच्या भोकात लावला असेल तर बहुधा एव्ही-२. स्पीकरमधून घरघर आणि चित्र गायब, म्हणजे पिवळी पिन आवाजाच्या भोकात गेली. हिरवं-निळं-लाल अशी वेगळी तीन भोकं असतील तर तिथलं लाल आवाजाचं नव्हे, चित्राचंच. बऱ्याच एलईडी टीव्हीत हिरवं भोकच पिवळ्या पिनेसाठीही असतं. बाजूला ‘व्हिडिओ’ लिहिलंय का बघा. सगळं बरोबर असूनही पडदा काळा किंवा चित्र फाटलेलं असेल तर प्लेअरच्या रिमोटवरचं ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्ही-मोड’ (चित्र बाहेर पाठवायची पद्धत बदलणारं बटण) बहुधा कोणीतरी दाबलेलं असतं. डिस्क काढून तेच बटण थांबत थांबत दाबा, लोगो दिसेपर्यंत.

लोगो येतो आणि मग ‘नो डिस्क’, तर आधी डिस्क उलटी नाही ना ते बघा. मग दुसरी डिस्क घाला, एक सीडी आणि एक डीव्हीडी. सीडी चालते, डीव्हीडी नाही, तर लेन्सच्या युनिटमधला डीव्हीडीचा लेझर कमजोर झालाय: सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरनं वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. दोन्ही चालत नसतील तर लेन्सवर धूळ बसलेली असू शकते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, कारण पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत, चार्ज उरतो. मग झाकण उघडून कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन लेन्स हलकेच पुसा. दाबू नका, ती बारीक तारांवर लटकलेली असते. पेट्रोल किंवा थिनर लावलं की लेन्स धुरकट झालीच म्हणून समजा.

डिस्क दुपट्ट्यानं गोल गोल पुसायची सवय मात्र सोडा. मधून कडेकडे सरळ पुसा. मधून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो. गोल ओरखडा ट्रॅकवरून, म्हणजे डिस्कवरच्या नोंदीच्या गोल रेषेवरून, लांबवर जातो आणि तिथं चित्र अडकतं.

लोगो येतो, डिस्क फिरायला लागते आणि प्लेअर बंद होऊन पुन्हा लोगो येतो? डिस्क निर्दोष आहे. मोटर फिरायला लागल्यावर पॉवर सप्लाय दम टाकतोय. शेतातले पंप चालू असताना व्होल्टेज पडून असं होत असेल तर रात्री उशिरा लावून बघा; तेव्हाही झालं तर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदलायचे, लेन्स नव्हे.

लग्नाची एकच डिस्क चालत नाही आणि बाकी सगळ्या चालतात, तर प्लेअर खोलूच नका. ती ‘फायनलाइज’ न करता, म्हणजे इतर प्लेअरवर चालावी म्हणून शेवटी बंद न करता, दिलेली असते, नाहीतर तिच्यात प्लेअरला न कळणाऱ्या फाइली नुसत्या कॉपी केलेल्या असतात. ज्यानं शूटिंग केलं त्याच्याकडून ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ म्हणून पुन्हा बनवून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी त्याच्याच दुकानात साध्या प्लेअरवर लावून बघा.