परसातली गाय (इंदूर)

घरामागच्या मोकळ्या जागेत एखादी दुभती गाय बांधायची, तिच्या शेणमुतावर शेजारी भाजी-फुले काढायची आणि बागेतला पाला, देठ, साली पुन्हा तिच्याच गव्हाणीत टाकायच्या, अशी घरगुती व्यवस्था. इंदुरात जुन्या वाड्यांच्या मागच्या अंगणांत ती होती. आता राऊ, महू, सिमरोल या बाजूंना ज्यांची थोडी जमीन आहे अशा घरांत दिसते. नुसत्या दुधाचा हिशेब मांडला तर ही गाय क्वचितच परवडते. शेण जमेस धरले की हिशेब बदलतो, आणि जुनी माणसे तो तसाच धरत.

याचे एक कारण गाईची जात. माळवी गाय पांढरट-करड्या रंगाची, काटक. आगर, शाजापूर, राजगड, उज्जैन हा तिचा मूळ टापू. ती मुख्यतः बैलांसाठी जोपासली गेली, त्यामुळे दिवसाला 3-4 लिटर दूध म्हणजे बरे मानतात. घाटाखालची निमाडी गाय तांबडी आणि पांढऱ्या ठिपक्यांची. तीही कामाच्या बैलांचीच जात. दुधासाठी म्हणून गीर किंवा संकरित गाय आणणारे पुष्कळ आहेत, पण तिला चारा-पाणी आणि डॉक्टर दोन्ही जास्त लागतात. शेण मात्र कोणतीही गाय रोज 10 ते 15 किलो देते, भाकड असली तरी.

दुसरे कारण माती. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर आहे. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ ही माळवीतली म्हण याच काळ्या मातीची. म्हण खरी असली तरी अर्धीच आहे. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगून पाणी धरून बसते. शेणखत पडत राहिले तर ती भुसभुशीत राहते, नाहीतर कुदळीला दाद देत नाही.

वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते पावसाने. मोसमी पाऊस इथे साधारण जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो आणि वर्षाच्या 900 ते 1000 मिलिमीटरपैकी बहुतेक सप्टेंबरअखेर पडून जातो. त्याआधी घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांवरच्या लसी टोचून घ्यायच्या. महूला 1955 पासून पशुवैद्यक महाविद्यालय असल्याने या भागात जनावरांच्या डॉक्टरांची परंपरा जुनी आहे. पावसाळ्यात गाईचा खरा शत्रू चिखल. खुरे मऊ पडून सडतात, ओल्या जागी बसून कासेला सूज येते, माश्या आणि गोचीड छळतात. म्हणून गोठ्याला दगडी फरशी, मागच्या अंगाला उतार आणि मूत वाहून नेणारी नाली. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. पहिल्या पावसाचा कोवळा चारा भरभर दिला की शेण पातळ होते, म्हणून निम्मा वाळला चारा मिसळतात. कोवळ्या ज्वारीची धास्ती याहून मोठी. पावसाने ताण दिला की खुरटलेल्या ताटांत विष तयार होते आणि ती खाणारे जनावर तासाभरातही दगावू शकते. याला किराळ लागणे म्हणतात. फुलोऱ्यावर येईपर्यंत ज्वारी गाईपुढे टाकत नाहीत.

बागेत याच दिवसांत उंच वाफ्यांवर भेंडी, काकडी, मका आणि मांडवावर गिलकी, दोडकी. सपाट वाफ्यात बी कुजते. मक्याची कणसे भरली की भुट्ट्याचा कीस होतो: किसलेला मका तुपाच्या फोडणीत दुधावर शिजवायचा. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो तोच पदार्थ, पण मका आणि दूध दोन्ही घरचे असतात तेव्हा त्याची गोडी निराळी. कणसे खुडल्यावर उरलेली हिरवी ताटे गाईची.

माळव्यातल्या मराठी घरांत गाईचे सणही दुहेरी. मराठी वसुबारस आश्विन वद्य द्वादशीला. माळव्याची बछबारस त्याआधी, श्रावण वद्य द्वादशीला. माळवी शेजारणी त्या तिथीच्या महिन्याला भादवा (भाद्रपद) म्हणतात, कारण उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो. नव्या सुनेचा पहिल्या वर्षी इथे हमखास गोंधळ उडतो. दोन्ही दिवशी व्रत करणाऱ्या बायका गाईचे दूध आणि गहू वर्ज्य करतात, त्यामुळे वर्षातून दोनदा वासराची चंगळ होते. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात, रोज नवी आकृती, वर बागेतल्या फुलांच्या पाकळ्या. मराठी मुलीही संजेची गाणी माळवीतच म्हणतात. गौरींना लागणारा तेरडा आणि आघाडा परसातूनच येतो.

गाय कार्तिकाच्या सुमारास व्यावी असा जुना हिशेब असतो. गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा, म्हणजे गाय माघात भरवायची. माज चुकला तर पुन्हा 21 दिवस थांबायचे. विण्याआधी दोन महिने दूध आटवतात. व्याल्यावर पहिला चीक वासराचा, तोही पहिल्या काही तासांतच. उरलेल्याचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. कार्तिकाचा फायदा असा की व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दूध सर्वांत जास्त असते, आणि नेमकी तेव्हा ऑक्टोबरात पेरलेली बरसीम (हिरव्या चाऱ्याचे पीक) कापणीला येते. पहिली कापणी 50-55 दिवसांनी, पुढच्या दर 25-30 दिवसांनी, मार्च-एप्रिलपर्यंत. मात्र दवाने भिजलेली बरसीम उपाशी पोटी घातली तर गाईचे पोट फुगते. ऊन वर येईपर्यंत आधी भूसा टाकतात.

हिवाळा म्हणजे मेथी, पालक, मटार, हिरवा हरभरा आणि गराडू. हा कंद पावसाच्या तोंडावर कुंपणाशी लावतात, वेल चढतो, पाने पिवळी पडली की खणतात. तळून वर मसाला आणि लिंबू. त्याशिवाय इंदूरची थंडी साजरी होत नाही. पाला (गोठलेले दव) पडण्याची भीती असलेल्या रात्री वाफ्यांना हलके पाणी देतात आणि कडेला पाचोळा धुमसत ठेवतात. गाईच्या पाठीवर बारदानाची झूल येते.

शेणमुताचा घरोघरी मुरलेला हा उपयोग शास्त्रात गेला तोही इंदुरातच. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला 1918 साली दिलेल्या नगररचनेच्या अहवालात शहराची घाण बागांच्या कामी लावण्याचा आग्रह धरला होता. पुढे 1924 ते 1931 या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली: पालापाचोळा, शेण, मुताने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे खड्ड्यात थर द्यायचे, ओल राखायची, तीन वेळा उलथापालथ करायची; तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. गोठ्यातली माती अधूनमधून काढून नवी टाकणे हा या पद्धतीतला कळीचा भाग, आणि फरशीच्या गोठ्यात नेमका तोच सुटतो. तिथे मूत नालीतून पालापाचोळ्याच्या खड्ड्यात सोडले तर नुकसान बरेच भरून निघते. जगभर ही पद्धत हॉवर्ड यांच्या नावाने ओळखली जाते; वाडांचे नाव इंदुरातही फारसे निघत नाही.

मार्चमध्ये गहू निघाला की भूसा भरायचा. वर्षातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम हेच. दिवसाला 5-6 किलो धरला तर एका गाईला वर्षाला सुमारे 20 क्विंटल लागतो, आणि पावसाळ्यात घ्यायला निघालो तर भाव चढलेला असतो. गोवऱ्याही उन्हाळ्यातच थापून वाळवून रचून ठेवायच्या. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, दूध घटते, पण रात्री वारा सुटतो आणि गाय रवंथ करत निवांत बसते. पाण्याची चिंता पूर्वी मोठी होती. 1978 मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले आणि अंगणातल्या विहिरी हळूहळू बुजल्या.

शहराच्या आत ही व्यवस्था आता जवळजवळ संपली आहे. घरे मजल्यांची झाली, वाडे पडले, आणि 2017 साली स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिले आले त्या मोहिमेच्या आगेमागे वस्त्यांतले गोठे महापालिकेने हटवले. गाईपुढे जायच्या त्या साली आता ओल्या कचऱ्याच्या डब्यात पडतात आणि घंटागाडीतून देवगुराडियाच्या जैववायू प्रकल्पात जातात. दिवसाला 550 टन कचरा पचवणारा हा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. त्याचे नाव ‘गोबर-धन’.