आयडीपी तुमचं, कार्नेट गाडीचं

माझ्या मामेभावाने गेल्या महिन्यात ताडदेवच्या आरटीओतून आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आणलं, गिरगावातल्या घरी टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “दादा, बॉर्डरचं काम झालं.” त्याला मोटरसायकलवरून इराणमार्गे युरोपात जायचंय. मी पुस्तिका उघडून पाहिली. त्याचा फोटो होता, नाव होतं, लायसन्सचा नंबर होता. गाडीचा नंबर मात्र एकाही पानावर नव्हता. गाडी सीमेपार न्यायला कार्नेट लागतं, कस्टमची वेगळी पुस्तिका, आणि ती त्याच्याकडे नव्हती.

त्याला दोष देत नाही. आयडीपी आणि कार्नेट दोन्ही पुस्तिकाच, दोन्हींची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष आणि दोन्हींना कुणी ना कुणी ‘गाडीचा पासपोर्ट’ म्हणतं. पूर्वी आयडीपीसुद्धा ऑटोमोबाइल असोसिएशनमधून मिळायचं, त्यामुळे जुने रायडर अजूनही दोन्हींसाठी चर्चगेटच्या असोसिएशनकडेच बोट दाखवतात.

आयडीपीचं थोडक्यात सांगतो. गाडी चालवण्याचं आपलं लायसन्स परक्या देशातल्या पोलिसाला वाचता यावं म्हणून केलेलं ते भाषांतर आहे. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. आपलं आयडीपी १९४९च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतं, आणि भारत त्या करारात आहे. फॉर्म ४ए भरायचा, हजार रुपये फी भरायची. हातात आल्यावर एकच गोष्ट नीट बघा : ‘ए’ वर्गापुढे शिक्का आहे का. ‘ए’ म्हणजे मोटरसायकल, ‘बी’ म्हणजे कार. लायसन्स फक्त कारचं असेल तर ‘ए’ रिकामा राहतो, आणि मग पाचशे सीसीच्या गाडीवर बसून ते दाखवण्यात काही हशील नाही. चीनमध्ये तर आयडीपी चालतच नाही, तिथे तात्पुरतं स्थानिक लायसन्स काढावं लागतं.

कार्नेटला तुम्ही गाडी कशी चालवता याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याची काळजी वेगळी आहे. बऱ्याच देशांत बाहेरून आलेल्या मोटरसायकलवर जबर आयात कर असतो. तिथल्या कस्टमला भीती असते की हा माणूस फिरायला आलोय म्हणेल, गाडी इथेच विकेल आणि विमानाने घरी जाईल. कार्नेट म्हणजे त्या कराची हमी. गाडी परत बाहेर गेली नाही, तर कर आम्ही भरू, असं तुमच्या देशातली असोसिएशन लिहून देते. आपल्याकडे हे काम चर्चगेटला वीर नरिमन रोडवरची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन करते, आणि त्याबदल्यात तुमच्याकडून बँक गॅरंटी घेते. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कोणकोणत्या देशांत जाणार यावर ठरते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या ना-हरकत पत्राचंही आधीच बघून ठेवा. इराण, पाकिस्तान, इजिप्त, ऑस्ट्रेलिया इथे कार्नेट लागतं. भारतातही लागतं : कुलाब्यात जर्मन किंवा फ्रेंच नंबरप्लेटची लांब पल्ल्याची मोटरसायकल दिसली, तर तिच्या मालकाच्या टँकबॅगेत बहुधा हेच पुस्तक असतं.

आता त्याच्या पानाकडे या, कारण सगळा जीव तिथे आहे. एका पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमवाला सगळ्यात खालचा भाग शिक्का मारून फाडून घेतो. बाहेर पडताना मधला. वरचा भाग, स्थळप्रत म्हणा, पुस्तकातच राहतो आणि त्यावर दोन शिक्के हवेत : आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा. हे दोन शिक्के असतील तरच त्या देशाचा हिशेब मिटला.

बाहेर पडण्याचा शिक्का माझा एकदा राहिला. रात्र होती, पाऊस होता, पासपोर्टवर शिक्का मिळाला, बॅरियर उघडलं आणि मी निघालो. पासपोर्टवर शिक्का म्हणजे मी बाहेर पडलो. गाडी कागदोपत्री आतच राहिली. पुढच्या देशात कार्नेट लागत नव्हतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. हॉटेलात कपडे वाळत घालताना पान उघडलं तेव्हा पोटात गोळा आला. व्हिसा एकदाच प्रवेशाचा होता, मागे जाता येईना. शेवटी मुंबईत परतल्यावर कस्टमसमोर गाडी उभी करून चेसिस नंबर तपासून घेतला आणि गाडी इथे आहे असा दाखला मिळवला. तेवढे महिने बँकेतले माझे पैसे अडकून पडले. तेव्हापासून मी प्रत्येक चौकीवर इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर आलो की कस्टमची खिडकी शोधतो, ती बंद असली तरी थांबतो. तुम्हीही थांबा. सोबतचे पुढे गेले तर जाऊ द्या.

नेपाळला जाऊन आलेल्यांना हे सगळं अति वाटतं. सीमेवर सुनौलीला भन्सार, म्हणजे नेपाळी कस्टमचं शुल्क, भरला, दिवसाप्रमाणे पैसे दिले, पावती घेतली, झालं. ते बरोबरच आहे, भारतीय गाडीला तिथे कार्नेट लागत नाही. मध्य आशियातही सीमेवरच तात्पुरत्या आयातीचा कागद करून देतात. पण त्यावरची तारीख पाळायची असते, आणि बाहेर पडताना तोही मिटवायचा असतो.

आणखी एक फरक लोक शेवटपर्यंत धरत नाहीत. आयडीपीची मुदत संपली की ते आपोआप निवर्ततं, कपाटात पडून राहिलं तरी चालतं. कार्नेट घरी ठेवायचं नसतं. गाडी भारतात परतल्याची कस्टमची नोंद घेऊन ते चर्चगेटला परत द्यायचं, तिथे प्रत्येक पान तपासलं जातं, आणि मगच गॅरंटी सुटते.

कार्नेटवर गाडीचं वर्णनही असतं : इंजिन नंबर, चेसिस नंबर, वजन, रंग, सुटे टायरसुद्धा. हे वाचताना मामेभाऊ एकदम गप्प झाला. त्याने दिवाळीत लालबागच्या एका गॅरेजात टाकी आणि मडगार्ड काळ्याचे भगवे करून घेतलेत, आरसीवर अजून काळाच रंग आहे. नंबरप्लेटवरचे आकडेही त्याने हौसेने मराठीत लिहून घेतलेत; ते इथेही नियमात बसत नाहीत आणि इराणच्या सीमेवर तर कागदाशी जुळणारच नाहीत. सोमवारी तो पुन्हा ताडदेवला जातोय, आधी रंगाची नोंद बदलायला. बँक गॅरंटीचं त्यानंतर.