लॅक्स्टन: कुंपणाविना राहिलेलं शिवार

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावात दर नोव्हेंबरअखेर ज्युरीचे, म्हणजे शिवाराची पाहणी करणाऱ्या पंचांपैकी, शेतकरी नुकत्याच गहू पेरलेल्या शिवारात उतरतात. कुंपण नसलेल्या या शिवारात प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या जमिनीच्या पट्ट्यांच्या हद्दी बघून खुंट्या ठोकतात आणि कुणी वाटेवर किंवा सामाईक गवताच्या पट्टीत नांगर घातला असेल, तर त्याला दंड लावतात. पुढे आठवडाभराने गावच्या 'डव्हकोट इन' पबमध्ये 'कोर्ट लीट' हे गावचं जुनं न्यायालय बसतं आणि दंडाचा निकाल लागतो. १९७७च्या कायद्याने अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार जवळपास सगळीकडे काढून घेतले, लॅक्स्टनचे मात्र राखले.

गावाची नोंद १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, आहे. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर टोकी या जुन्या मालकाची जमीन जेफ्री अ‍ॅल्सेलिनकडे गेली. गावाच्या उत्तरेला नॉर्मन किल्ल्याचं मातीचं उंच टेकाड अजून उभं आहे. पुढे इथे एव्हरिंगहॅम घराणं नांदलं. सेंट मायकेल चर्चमध्ये त्यांच्या दगडी समाध्यांजवळ याच घराण्यातल्या एका स्त्रीची ओकच्या लाकडात कोरलेली मूर्ती आहे. लाकडात घडवलेली अशी मध्ययुगीन मूर्ती टिकणं फार दुर्मीळ. शिवार बघायला येणाऱ्यांनी ती चुकवू नये.

पॅरिशचा, म्हणजे गावच्या चर्चचा, संसारही याच मातीवर चालायचा. १६३५ साली मार्क पियर्सने गावाची मोजणी करून नकाशा काढला. त्यात वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्डमधला पट्टा न् पट्टा दिसतो, आणि चर्चच्या जमिनीचे तुकडेही इतरांच्या पट्ट्यांत विखुरलेले आहेत. चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला येई. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड, असा फेर असे.

इंग्लंडमध्ये इतरत्र ही पद्धत मोडली. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२००हून अधिक कायदे करून सामाईक शिवारांना कुंपणं घातली आणि असंख्य गरिबांचा चराईचा हक्क गेला. लॅक्स्टन वाचलं, त्याचं मोठं कारण अगदी व्यवहारी होतं: अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो या दोन बड्या जमीनदारांचं कुंपणं घालण्याबाबत आपसात जमेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सने पट्ट्यांची फेरमांडणी करून त्यांची संख्या कमी केली, पण शिवारं उघडीच राहिली.

१९५२मध्ये कृषी मंत्रालयाने ही जमीन घेतली, १९८१मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२०मध्ये मॅनव्हर्सच्याच वारसांच्या थोर्सबी इस्टेटकडे परतली.